खात्रीच्या पाण्याचं कुलूप

आमच्या जिल्ह्याचं नाव घेतलं की समोरचा माणूस एकदम आवाज खाली आणायचा, अशी ती वर्षं होती. भाव नाही म्हणून कापूस घराघरांत कोंबून ठेवलेला, आणि यवतमाळात पाहणीला आलेल्या गाड्यांची ये-जा. पाहणी करता करता कुणाच्या तरी डोक्यात आलं की जिल्ह्याची बदनामी पुसायची असेल तर इथे हौशी लोक चालायला आले पाहिजेत. लगेच एक समिती झाली. कळंबच्या चिंतामणीपासून निघून डोंगर, जंगल, शिवारं ओलांडत महागावच्याही पुढे पैनगंगेपर्यंत जाणारी लांबलचक पायवाट या समितीने आखली, तिचं उद्‌घाटन केलं आणि एसटी स्टँडसमोर बोर्ड लावला. बोर्डावर हिरवा डोंगर, पाठीवर सॅक घेतलेलं गोरंगोमटं जोडपं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘वाटेत जागोजागी खात्रीचं पाणी.’

तो बोर्ड पाहूनच मला चीड आली. ज्या गावांमधून ही वाट जाणार होती तिथल्या बायांना खात्रीचं पाणी मिळेल असा बोर्ड मी जन्मात कधी पाहिला नव्हता. पण चालायची मला भारी हौस. मी तेव्हा यवतमाळच्या एका कॉलेजात शिकवत होते, आणि रोज सकाळी शेजारच्या आपाबरोबर गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत जाऊन यायची. आपा माझ्यापेक्षा वयाने मोठी. घरी शिवणकाम करायची, तिच्या भावांचं गॅरेज होतं. मी तिला आपा म्हणायची, ती मला वहिनी.

“चाल न वहिनी,” ती म्हणाली. “आपलाच जिल्हा हाय. बाहेरचे लोकं पाहून जातीन, अन् आपण काय घरात बसून राह्यचं?”

दिवाळीनंतर आम्ही समितीच्या ऑफिसात नाव नोंदवायला गेलो. तिथला व्यवस्थापक तरुण होता, बोलायला गोड. त्याने समजावून सांगितलं की वाटेवर दगडांना निळे थेंब रंगवले आहेत. थेंब दिसला की जवळ पाणी आहे असं समजायचं. कुठे हातपंप, कुठे विहीर, आणि पुढच्या भागात खास चालणाऱ्यांसाठी बांधलेल्या टाक्या. मग ड्रॉवरमधून एक किल्ली काढून त्याने माझ्या हातात ठेवली.

“सगळ्या टाक्यांना हीच लागते, मॅडम.”

“टाकीले कुलूप कायले?” आपाने विचारलं.

“फालतू वापर होतो, ताई. शिस्त नाही न लोकांना.”

आपाने माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली पर्समध्ये टाकली.

चिंतामणीचं दर्शन घेऊन आम्ही कळंबहून निघालो. त्या वर्षी पाऊस अर्ध्यातच पळाला होता. नाल्यांमध्ये नुसती वाळू, आणि हिवाळा असूनही दुपारचं ऊन कानशिलं तापवत होतं. पहिला निळा थेंब एका खेड्याच्या वेशीवर दिसला. छान ताजा रंग. थेंबाखालचा बाण एका हातपंपाकडे जात होता, आणि त्या हातपंपाला दांडाच नव्हता. पारावर बसलेली माणसं आमच्याकडे पाहून हसायला लागली.

“थेंब रंगवाले आले होते बाई,” त्यांतला एक म्हणाला. “आम्ही म्हटलं, भाऊ, पंप बंद हाय. तर म्हणे, ते आमचं काम नाई.”

त्याच माणसाने घरातून तांब्या आणून आम्हाला पाणी दिलं. आम्ही हसलो, पाणी प्यायलो, पुढे गेलो. तेव्हा ते हसण्यासारखं वाटलं होतं.

दुसरा थेंब दुसऱ्या दिवशी, कपाशीच्या मधोमध असलेल्या एका विहिरीच्या कठड्यावर. बाटल्या रिकाम्या झालेल्या. आपाने दोरी सोडून डबा खाली टाकला आणि वर ओढला. पाणी दिसायला निर्मळ होतं. ती ओंजळ तोंडाला लावणार तेवढ्यात कपाशीच्या ओळींमधून एक माणूस ओरडत पळत आला. त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप होता आणि तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा पळताना सुटला होता.

“ओ बाई! पिऊ नका! नका पिऊ ते!”

आपाने ओंजळ सोडून दिली. तो धापा टाकत सांगायला लागला. आजूबाजूच्या सगळ्या शेतांतलं औषध याच विहिरीवर कालवत होते. पंप इथंच धुवायचे, डबे इथंच विसळायचे. ते वाहून पुन्हा विहिरीतच जायचं. दोन बैल हे पाणी पिऊन पडले, तेव्हापासून गावातलं कुणी तोंडात घेत नव्हतं.

“मग हा थेंब?” मी विचारलं.

“तो? तो काढला पोरांनी गाडीवरून येऊन. मी होतो न इथंच. मी सांगितलं त्याईले, भाऊ, हे पाणी वापरायचं नाई हाय. तर म्हणे काका, नकाशात विहीर हाय म्हणून थेंब हाय.”

तुरीच्या सावलीत ठेवलेल्या त्याच्या कॅनमधलं पाणी त्याने आम्हाला दिलं. त्याचे डोळे लाल झालेले, हातांना सारखी खाज सुटत होती. तोंडावर मास्क नाही, हातांत मोजे नाहीत, आणि तो आमची काळजी करत होता. मी विचारलं, “तुम्हाला नाही त्रास होत?” तर म्हणाला, “होते न. पण बोंडअळी कोनाले ऐकते?” आपाने पदरातला गूळ त्याला दिला आणि मग आम्ही त्या कठड्यावरचा थेंब दगडाने घासून घासून काढला. चांगला घट्ट रंग होता. घासताना मी रडत होते, रागाने. कुणी दूरचं पोर तहानलेलं येईल, थेंब पाहील आणि पिऊन टाकेल. ज्याने तो रंगवला त्याला ते सांगितलेलं होतं!

त्यानंतर आम्ही दगडांकडे पाहणं सोडून दिलं. बाया कुठून येतात ते पाहायचं. डोक्यावरची चुंबळ, ओलसर खांदा, पायवाटेवर सांडलेल्या पाण्याची रेघ. ज्या वाटेने गावातल्या बाया जातात ती वाट कधीच रिकाम्या जागी जात नाही. कधी उंबराखालचा झरा निघे, कधी कुणाच्या मळ्यातली मोट बंद पडलेली विहीर. कुणीच आम्हाला तहानलेलं जाऊ दिलं नाही. ज्यांच्या घरी दिवसाला दोनच गुंड पाणी येत होतं त्यांनीसुद्धा.

आर्णी मागे टाकून महागावच्या दिशेने चाललो असताना, एका माळावर, बंजाऱ्यांच्या एका तांड्याजवळ ती पहिली टाकी दिसली.

दिसली म्हणजे लांबूनच चमकली. पांढरी फरशी, वर पत्र्याचं छप्पर, बसायला दोन बाकडी, आणि एक नळ, लोखंडी पेटीत बंद केलेला, पेटीला कुलूप. भिंतीवर लिहिलेलं: ‘फक्त नोंदणीकृत पदभ्रमण करणाऱ्यांसाठी.’ किल्ली लागली. नळातून पाणी धो धो आलं. आम्ही प्यायलो, चेहऱ्यावर मारलं, बाटल्या भरल्या. मी नळ बंद करायला वळले तर समोर एक तरुण बाई उभी. खालच्या नाल्यातून वर चढून आलेली, डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, दोन्हींत मातकट पाणी. केसांत कापसाचे तंतू अडकलेले. वेचणीवरून परस्पर पाण्याला गेली होती. ती आमच्याकडे नाही, नळाकडे पाहत होती.

“ये न पोरी,” आपा म्हणाली. “हे ओत झाडाले, अन् इथून चांगलं भर.”

“आमाले मनाई हाय,” ती म्हणाली.

“कोनाची मनाई?”

ती हंडा सावरून चालायला लागली. आम्ही तिच्या मागे गेलो. तांड्यात तिची सासू ओसरीवर कापसातला पाचोळा निवडत बसली होती. तांड्यातले सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. आम्हीही तेच म्हणायला लागलो. आपाने तिला सरळ विचारलं की तुमच्या दाराशी टाकी आहे, मग ही पोर नाल्यात झिरा उकरून पाणी का भरते?

याडीने हातातला कापूस खाली ठेवला. “चाल, दावते,” म्हणाली.

तांड्याच्या मागे विहीर होती. जुनी, दगडी बांधणीची, तांड्याच्या माणसांनी स्वतः खोदलेली. याडीच्या सासऱ्याने त्या खोदाईत बोट गमावलं होतं. आता तिच्यावर लोखंडी जाळी बसवलेली, जाळीला कुलूप. आत मोटार. मोटारीतून निघालेला काळा पाइप जमिनीवरून सरळ माळाकडे, त्या पांढऱ्या टाकीकडे गेलेला.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी खुळ्यासारखी पाइपाकडे पाहत राहिले. मग आपा म्हणाली, “वहिनी, आपण आत्ता याईचंच पाणी पिलो.”

याडीने सांगितलं ते असं. समितीचे लोक पावसाळ्यापूर्वी आले. म्हणाले, तुमची विहीर आम्ही दुरुस्त करून देतो, मोटार बसवून देतो, पाणी तांड्यातही फिरवून देतो. माणसांनी हो म्हटलं. काम झालं, जाळी बसली. पाइप टाकीकडे गेला, तांड्याकडे आलाच नाही. विचारायला गेले तर सांगितलं, दुसऱ्या टप्प्यात. पाणी कमी आहे म्हणून तोवर दोरी टाकायची नाही, जाळी उघडायची नाही, नाहीतर चालायला आलेल्या पाहुण्यांना पुरणार नाही.

“पाहुणे किती आले?” मी विचारलं.

“तुमीच,” याडी म्हणाली. “तुमच्याआदी एक जोडपं आलतं. फोटो काढले अन् गेले.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाच्या तरी घशातला घास काढून माझ्या ताटात वाढायचा, वर ताटावर माझं नाव घालायचं, आणि त्याला म्हणायचं सोय! मी किल्ली हातात घट्ट धरली आणि म्हटलं, “याडी, मी टाकी उघडते. सगळ्यांना बोलवा. भरून घ्या.”

मला वाटलं होतं ती लगेच उठेल. ती उठली नाही.

“तू उद्या जाशीन,” ती म्हणाली. “आमी इथंच हावो. कोनी इचारलं तर तू म्हनशीन मी उघडलं. अन् मार कोनाले बसन?”

आपा तिच्याजवळ जमिनीवर बसली. मग याडी स्वतःच म्हणाली, “चोरावानी नाई भरनार. दिवसाढवळ्या भरनार. वेचनीवरून साऱ्या बाया येऊ दे. तुमी दोघी तिथं उभ्या राह्यजा. उभ्या राह्यसान का?”

“राह्यतो,” आपा म्हणाली.

उन्हं कलताना बाया आल्या. त्यांच्या कमरेला अजून वेचणीच्या ओट्या बांधलेल्या होत्या. याडीने त्यांच्याशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलून त्यांना रांगेत उभं केलं. मी पेटी उघडली. पहिली कळशी याडीने सुनेला भरायला लावली. कुणी हसलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाणी भांड्यात पडण्याचा आवाज तेवढा येत होता, आणि एकेक बाई पुढे सरकत होती. निम्मी रांग झाली असेल, तेवढ्यात मोटारसायकल आली. टाकीवर नजर ठेवायला नेमलेल्या जवळच्या गावच्या माणसाने फोन केला होता, आणि व्यवस्थापक त्या दिवशी नेमका आर्णीलाच आलेला. गाडीवरून व्यवस्थापक उतरला, आणि तोच गोड आवाज घेऊन माझ्याकडे आला.

“मॅडम, हे काय? तुम्ही शिकलेल्या. ही सोय तुमच्यासाठी केलीय.”

“माझ्यासाठी?” मी म्हटलं. “मी मागितली होती का यांची विहीर? माझ्या नावाने कुणाचं पाणी पळवायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

“विहीर बंदच होती हो. आम्ही खर्च केला, मोटार बसवली—”

“बंद नव्हती,” याडी म्हणाली. “आमी रोज भरत होतो. तुमी बंद केली.”

तो तिच्याकडे वळलाच नाही. माझ्याशीच बोलत राहिला. “या लोकांना तुम्ही ओळखत नाही. एकदा उघडलं की—”

“या लोकांना म्हणजे?” आपा मध्येच बोलली. मी तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. “नाव घेऊन बोल न, भाऊ. समोर उभ्या हाय त्या. तुझी माय पाणी भरत नसन का?”

त्याचा चेहरा लाल झाला. त्याने किल्ली मागितली. मी दिली नाही. मग तो म्हणाला की नियम मोडल्यामुळे आमची नोंदणी रद्द आहे आणि आम्हाला वाट पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळणार नाही. ते ऐकून याडीची सून एवढ्या मोठ्याने हसली की तिच्या डोक्यावरची कळशी हिंदकळली. ती हसली म्हणून बाकीच्या बाया हसल्या. तेवढाच एक आनंद त्या संध्याकाळी आम्हाला मिळाला. कारण आम्ही हसत असतानाच त्याने विहिरीवर जाऊन मोटारीची वायर काढून गाडीच्या डिक्कीत टाकली आणि निघून गेला. नळ थोडा वेळ वाहिला, मग आटला. मागच्या निम्म्या बाया रिकामी भांडी घेऊन परत नाल्यात उतरल्या.

त्या रात्री आम्ही याडीच्या घरी राहिलो. खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, त्याच्या कडेला आम्ही झोपलो. अंगाला खाज सुटत होती. मला अपराध्यासारखं वाटत होतं का, असं नंतर कुणीतरी विचारलं. नाही. मला राग येत होता, नुसता राग, आणि तो आजही गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुढे चाललो नाही. याडी, तिची सून, तांड्यातल्या आणखी काही बाया आणि आम्ही दोघी एसटीने यवतमाळला आलो आणि ज्या साहेबाच्या हाताखाली ही समिती होती त्याच्या ऑफिसात जाऊन बसलो. दुपारपर्यंत बसवून ठेवलं. शिपायाने सगळ्यांना थंड पाणी दिलं. याडीने ग्लास एका दमात संपवला, दुसरा मागितला, तोही संपवला.

साहेब आले तेव्हा ती ग्लास हातात धरूनच बोलली. “साहेब, पानी लई थंड हाय. हे कोनाच्या विहिरीचं?”

साहेब हसले. त्यांना वाटलं म्हातारी गंमत करतेय. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खेद व्यक्त केला, चौकशी करू म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “मॅडम, तुम्ही नोकरी करता. या भानगडीत कशाला?”

भानगड! तांड्याची विहीर कुलपात गेली ती भानगड नव्हती. ती परत मागितली ती भानगड.

मग आम्ही सारख्या जात राहिलो. कधी मी, कधी आपा, कधी याडी एकटीच सकाळची गाडी पकडून येई आणि त्या ऑफिसच्या पायरीवर बसे. कॉलेजात मला समज मिळाली. आपाच्या भावांना कुणीतरी येऊन सांगून गेलं की बहिणीला आवरा; भावांनी त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं, आणि पुढच्या वेळी एक भाऊ आमच्याबरोबर आला. शिमग्याच्या आसपास जाळीचं कुलूप निघालं. आपोआप नाही. चालायला कुणी येत नाही म्हणून पायवाटेचा प्रकल्पच गुंडाळला, आणि गुंडाळताना समितीने एक कार्यक्रम ठेवला: ‘विहीर ग्रामस्थांना अर्पण.’ मंडप, हार, माइक. तोच व्यवस्थापक सूत्रसंचालन करत होता. तांड्याने समितीचे आभार मानावेत अशी त्याने माइकवरून विनंती केली.

मला स्टेजवर बोलावलं होतं. मी गेले नाही. मला वाटत होतं याडी तिथे काहीतरी सणसणीत बोलेल. ती मंडपात आलीच नाही. पाहुणे भाषणं करत होते तेव्हा ती आणि तिची सून विहिरीवर होत्या, नवीन दोरीला गाठ मारत. मोटार समितीने काढून नेली होती, वायर तर आधीच गेली होती. पाणी पुन्हा हातांनीच ओढायचं होतं.

लोक म्हणतात, झालं न शेवटी, मिळाली न विहीर? कशाला अजून चिडता? मी त्यांना विचारते, मिळाली म्हणजे काय? ती त्यांचीच होती. मधल्या सगळ्या महिन्यांत त्या पोरींनी नाल्यातून जे हंडे वाहिले ते कोण परत देणार? याडीच्या सुनेचं पोट त्या हिवाळ्यात वाढत होतं, आणि सहावा महिना लागेपर्यंत ती झिऱ्यावर जात होती.

पुढच्या हिवाळ्यात आपा आणि मी राहिलेली वाट पूर्ण करायला गेलो. नकाशा नाही, किल्ली नाही. तांड्यापासून पुढे याडीच्या सुनेच्या माहेरच्या बायांनी आम्हाला वाट सांगितली, त्यांच्या पुढच्या गावातल्या बायांनी त्यापुढची. महागावात पोचलो तेव्हा बाजारात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. एका हॉटेलात आम्ही चहा मागितला. मालकाने आधी पाण्याचे दोन ग्लास ठेवले. आपाने ग्लास उचलला, पाण्याकडे पाहिलं आणि त्याला विचारलं, “भाऊ, कुठून भरता?”

तो म्हणाला, “समोरच्या विहिरीतून. काहून?”

“काई नाई,” आपा म्हणाली. “आजकाल इचारूनच पितो.”